हाऊसकीपिंगचं कॉन्ट्रॅक्ट घेताय? आधी काम मोजा, मग माणसं ठरवा

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात साफसफाईच्या कामाला तोटा नाही. मिरजेत वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून तिथं कर्नाटकातनं पेशंट येतात आणि आता तर गल्लोगल्ली हॉस्पिटलं झालीत, शिवाय विश्रामबागेतली ऑफिसं, मंगल कार्यालयं, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने, मार्केट यार्डातली हळदीची गोडाऊनं. सगळ्यांना माणसं पाहिजेत. त्यामुळं दर महिन्याला कोणीतरी नवीन पोरगा विजिटिंग कार्ड छापून हाऊसकीपिंग सर्व्हिसेस चालू करतो आणि सहा महिन्यात एक तर बंद करतो नाहीतर माणसांचे पैसे बुडवून नंबर बदलतो. हे ज्यांना करायचं नाही, नीट धंदा करायचाय, आणि आपल्याकडं काम करणाऱ्या मावशी-दादा लोकांना चार माणसांत मान मिळावा असं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हॉस्पिटलच्या ॲडमिनवाल्यांनी पण वाचलं तर बरंच, कारण निम्मा घोळ त्यांच्या टेबलावर होतो.

पहिली गोष्ट. समोरचा विचारणार, "माणशी किती घेणार?" लगेच आकडा सांगू नका. तो प्रश्नच उलटा आहे, कारण तुम्ही माणसं भाड्यानं देत नाही, जागा स्वच्छ ठेवून देताय. म्हणायचं की साहेब आधी जागा बघतो, दोन दिवसात सांगतो. मग वही, टेप आणि मोबाईल घेऊन जायचं आणि खोली न खोली फिरायचं. कोणत्या मजल्यावर किती स्क्वेअर फूट, फरशी कसली, संडास किती, बेसिन किती, जिने किती, खिडक्या किती, पाणी कुठनं भरायचं, कचरा कुठं टाकायचा, आणि गर्दी कधी असते. ओपीडी सकाळी दहाला भरलेली असताना तिथं मॉप मारायला लावला तर कोणीतरी घसरून पडणार आणि शिवी खाणार मावशी.

त्यानंतर वेळ मोजायची. एका चांगल्या अनुभवी माणसाकडनं एक संडास नीट करून घ्या, घाई नाही, रेंगाळणं नाही, आणि मोबाईलवर टायमर लावा. तसंच एका वॉर्डचं, एका जिन्याचं. आठ तासाच्या ड्युटीत हाताशी आठ तास कधीच नसतात हे लक्षात ठेवा, जेवण, चहा, कपडे बदलणं, पाणी भरणं, फडकी-मॉप धुवून वाळत घालणं हे धरून खरं काम सहा-साडेसहा तासाचं निघतं. समजा संडासाला पंधरा मिनिटं लागतात, असे वीस संडास आहेत आणि दिवसातनं तीनदा करायचेत, म्हणजे नुसत्या संडासांचेच पंधरा तास झाले. हे गणित कागदावर मांडून दाखवलं की "दोन बायका द्या, भागतंय की" म्हणणारे साहेब सुद्धा गप्प होतात. आणि नाही झाले तर ते काम सोडून द्या, कारण तिथं माणसं टिकत नाहीत.

आता "स्वच्छ" म्हणजे नेमकं किती स्वच्छ हे लिहून घ्या. अमेरिकेत आप्पा नावाची संस्था आहे, कॉलेज-युनिव्हर्सिटीच्या इमारती सांभाळणाऱ्यांची, त्यांनी स्वच्छतेच्या पाच पायऱ्या केल्यात. एक नंबर म्हणजे एकदम चकाचक, दोन म्हणजे नीटनेटकं, तीन म्हणजे थोडं दुर्लक्ष झालेलं, चार म्हणजे कळकट आणि पाच म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं. मला ही कल्पना फार आवडते कारण ती भांडण मिटवते. कस्टमरला पैसे तीन नंबरचे द्यायचे असतात आणि अपेक्षा एक नंबरची असते, मग रोज कटकट. कोणत्या खोलीला कोणता नंबर हे ॲग्रीमेंटमध्येच टाका. डायरेक्टरच्या केबिनला दोन, स्टोअर रूमला चार चालतंय, पार्किंगला पण चार. ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू हे यात बसवू नका, तिथं डोळ्याला काय दिसतंय याचा उपयोग नाही, तिथं इन्फेक्शन कंट्रोलवाल्या सिस्टर सांगतील तीच पद्धत आणि त्यांचंच चेकलिस्ट.

केमिकलचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच माणूस अडाणी की जाणकार हे कळतं.

बहुतेक ठिकाणी माप म्हणजे "झाकणभर टाका". हे बंद. बादलीला आतनं पाच लिटरची खूण करा, मापाचा प्लास्टिक मग द्या, आणि प्रत्येक बाटलीवर मराठीत लेबल, काय आहे, किती टाकायचं, कुठं वापरायचं. हॉस्पिटलात जंतू मारायला सोडियम हायपोक्लोराइट लागतंच. बाजारात ते पाच टक्के किंवा दहा टक्क्याचं मिळतं आणि रक्त सांडलं की एक टक्क्याचं लागतं. पाच टक्केवालं असेल तर २०० मिली औषध आणि ८०० मिली पाणी, दहा टक्केवालं असेल तर १०० मिली आणि ९०० मिली. म्हणजे कॅनवर किती टक्के लिहिलंय ते वाचता आलंच पाहिजे, नाहीतर एकतर निम्म्या ताकदीचं पाणी मारलं जातं नाहीतर डोळे चुरचुरतात. रक्तावर आधी कागद किंवा टाकाऊ कापड टाकायचं, त्यावर हे ओतायचं, किमान दहा मिनिटं थांबायचं, मग उचलायचं. ओतलं की लगेच पुसून काढणारे लोक नुसता वास पसरवतात. आणि हे पाणी रोज ताजं करायचं, उन्हात-उकाड्यात त्याची ताकद जाते, कालचं उरलेलं आज वापरायचं नाही.

हायपोक्लोराइट आणि टॉयलेट क्लीनर एकत्र कधीच नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये ॲसिड असतं, दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात माणूस गुदमरतो. "दोन्ही टाकलं की जास्त पांढरं होतंय" असं जुने लोक एकमेकांना शिकवतात, ते पहिल्याच दिवशी मोडून काढा. ॲसिडचं दुसरं म्हणजे शहाबादी फरशी. आपल्याकडं जुन्या इमारतींत, गोडाऊनात, शाळांत सगळीकडं शहाबादी आहे आणि तो चुनखडीचा दगड आहे, ॲसिड पडलं की फेस येऊन खातो, आज चकचकीत दिसतो आणि महिन्याभरात खडबडीत होऊन आणखी मळ धरतो. मार्बललाही तेच. तिथं न्यूट्रल क्लीनर (ना ॲसिड ना अल्कली) आणि ब्रश, दुसरं काही नाही.

हळदीच्या गोडाऊनचं काम घेणाऱ्यांसाठी एक खास. हळदीच्या डागावर सोडा किंवा कपड्याची पावडर टाकली की डाग लाल होतो, नवीन माणूस घाबरतो, मालक ओरडतो की काय टाकलंस. घाबरायचं कारण नाही, हळद अल्कलीत गेली की लालच होते, लहानपणी कुंकवाचं पाणी असंच केलंय आपण. पण पद्धत अशी की आधी कोरडंच सगळं उचलायचं, व्हॅक्यूम असेल तर उत्तम, पाणी शेवटी. आधी पाणी मारलं की पिवळा चिखल सांध्यांत जाऊन बसतो. डाग उन्हात फिका पडतो, त्यामुळं पायपुसणी, फडकी उन्हात वाळवा. आणि मास्क द्या, नुसता रुमाल नको.

रंगांचं बघू. फडक्यांना चार रंग ठरवून टाका, लाल संडासाला, पिवळा बेसिन आणि आसपासला, हिरवा किचन-कॅन्टीनला, निळा बाकी टेबल-खुर्च्यांना. ही पद्धत ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ क्लिनिंग सायन्समुळं जगभर पसरली, आणि वाचता न येणाऱ्या माणसाला पण लगेच कळते म्हणून ती भारी आहे. संडासाचं फडकं पेशंटच्या टेबलावर फिरलं तर दहा रुपयाच्या फडक्यापायी इन्फेक्शन. हॉस्पिटलच्या कचऱ्याचे रंग मात्र वेगळे, ते २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमातले: पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा टोचणार नाही असा डबा आणि काचेसाठी निळा. फडक्याचा लाल आणि पिशवीचा लाल यात गोंधळ होतो, म्हणून ट्रेनिंग दोन वेगळ्या दिवशी घ्या. आणि हे नीट ऐका, कचरा जिथं तयार होतो तिथंच वेगळा व्हायला पाहिजे, म्हणजे ते डॉक्टर-सिस्टरचं काम. मावशींनी पिशवीत हात घालून सुया वेचायच्या नाहीत. कोणी सांगितलं तरी नाही. पिशवीत चुकीचं दिसलं तर फोटो काढून सुपरवायझरला पाठवायचा, बास.

त्याच नियमात हेपटायटिस बी आणि टिटॅनसची लस देणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना, कॉन्ट्रॅक्टचा माणूस असला तरी. हेपटायटिस बी चे तीन डोस असतात, पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. कॉन्ट्रॅक्टवर सही करतानाच लिहून घ्या की हे डोस कोण देणार. नंतर विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात. सुई टोचलीच तर साबणाने पाण्याखाली धुवायचं, बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, आणि लगेच कॅज्युअल्टीत जाऊन नोंद करायची, एचआयव्हीचं औषध लागलं तर ते जितक्या लवकर तितकं चांगलं, दोन तासात सुरू झालं तर उत्तम आणि ७२ तासानंतर उपयोग नाही. "ओरडतील" म्हणून लपवतात लोक. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा की सुई टोचल्याचं सांगणाऱ्याला कोणी ओरडणार नाही, आणि ते पाळा.

आता पैशाचं. रेट कसा काढायचा ते उदाहरणानं दाखवतो. १४,००० हा नुसता हिशेबाला घेतलेला आकडा, खरा किमान वेतनाचा दर तुमच्या परिमंडळाप्रमाणं, म्हणजे तुमचा भाग सरकारनं ज्या गटात टाकलाय त्याप्रमाणं, बघा, त्यातला विशेष भत्ता जानेवारीला आणि जुलैला बदलतो, म्हणून ॲग्रीमेंटमध्ये "भत्ता वाढला की रेट वाढेल" ही ओळ पाहिजेच. १४,००० वर मालकाचा पीएफ ॲडमिन-इन्शुरन्स धरून १३ टक्के म्हणजे १,८२०. ईएसआय म्हणजे कामगार विमा, मालकाचा ३.२५ टक्के म्हणजे ४५५. बोनस ८.३३ टक्के म्हणजे साधारण १,१६६. झाले १७,४४१. हे २६ ड्युट्यांचे, म्हणजे एका ड्युटीचे ६७१ च्या आसपास. पण हॉस्पिटल तर तीसही दिवस चालू, सुट्टीच्या दिवशी रिलीव्हर म्हणजे बदली माणूस लागणारच, म्हणजे महिन्याला २०,१०० च्या वर नुसता माणसाचा खर्च. यात युनिफॉर्म, ग्लोव्हज, केमिकल, मशीन, तुमचा सर्व्हिस चार्ज अजून यायचाय, आणि वर १८ टक्के जीएसटी. मग बाजूला कोणी १५,००० ला "सगळं धरून" माणूस देतो म्हणत असेल तर तो कुणाच्या तरी ताटातलं काढून देतोय एवढं समजून घ्या.

ते कसं काढतात ते पण सांगतो म्हणजे कामगारांनी वाचलं तर त्यांना कळेल. एक, पीएफचे दोन्ही हिस्से माणसाच्या पगारातनंच कापतात. कायद्यानं माणसाच्या पगारातनं पीएफ १२ टक्के आणि ईएसआय ०.७५ टक्के एवढंच कापायचं, मालकाचा हिस्सा मालकानं भरायचा. दोन, कापतात आणि भरतच नाहीत. मोबाईलवर यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) टाकून पासबुक बघता येतं, प्रत्येक माणसाला जॉईन झाल्यावर ते शिकवा, तुम्ही सरळ असाल तर तुम्हाला भीती कसली. तीन, प्रोफेशनल टॅक्स. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून बायकांना २५,००० पर्यंतच्या पगारावर प्रोफेशनल टॅक्स नाहीच, तरी स्लिपवर २०० रुपये कापलेले दिसतात. दोनशे रुपये म्हणजे काय असं वाटत असेल तर एकदा त्यांच्याबरोबर बाजारात जाऊन बघा. चार, डबल ड्युटी करून घेतात आणि सिंगल रेटनं पैसे देतात, ओव्हरटाईमला दुप्पट दर आहे.

दहा माणसं झाली की ईएसआय, वीस झाली की पीएफ. वीसच्या आत असलात तरी पीएफ स्वतःहून घेता येतो, घ्या. ईएसआय म्हणजे नुसती कपात नव्हे, आजारपणात पगाराच्या ७० टक्के वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात आणि बाळंतपणाला २६ आठवडे पगार मिळतो, आपल्या कामात निम्म्याहून जास्त बायका असतात तर हे त्यांना बसवून समजावून सांगायला पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवीन लेबर कोड लागू झाल्यापासून अपॉइंटमेंट लेटर सगळ्यांनाच द्यायचं आहे. ॲडमिनवाल्यांनी पण लक्षात ठेवा, कॉन्ट्रॅक्टरनं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी तुमच्या हॉस्पिटलवर येते, म्हणून दर महिन्याला बिलाबरोबर पीएफ-ईएसआयचं चलन आणि पगार बँकेत गेल्याचा पुरावा मागा.

ट्रेनिंग म्हणजे पहिल्या दिवशी झाडू हातात देऊन "ती करती तसं कर" असं नाही. किमान चार गोष्टी करून दाखवून करून घ्या: वरनं खाली, स्वच्छ जागेकडनं घाणीकडं, मॉपच्या बादल्या दोन, एक औषधाची एक धुण्याची, आणि ग्लोव्हज कसे काढायचे. घालता सगळ्यांना येतात, काढताना हात बरबटतात. कोण काय शिकलं याची एक पानी नोंद प्रत्येकाच्या नावानं ठेवा, तारीख आणि दोघांच्या सह्या. ज्यांना दहा-दहा वर्षांचा अनुभव आहे पण हातात कागद एकही नाही त्यांच्यासाठी सरकारची आरपीएल म्हणून सोय आहे, आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात, स्किल इंडियाच्या अंतर्गत, टुरिझम-हॉस्पिटॅलिटीच्या कौन्सिलकडं हाऊसकीपिंग अटेंडंटचा कोर्स आहे. नुसतं सर्टिफिकेट फ्रेम करून काही होत नाही पण. सर्टिफिकेट मिळालं की पगारात काहीतरी वाढलं पाहिजे, भले पाचशे रुपये असोत, नाहीतर पुढच्या बॅचला कोणी येत नाही.

पायऱ्या करा. अटेंडंट, सिनियर अटेंडंट, टीम लीडर, सुपरवायझर, प्रत्येक पायरीला काय यायला पाहिजे आणि किती मिळणार हे भिंतीवर लावा. आपल्याकडं सुपरवायझर बाहेरनं बारावी पास पोरगा आणतात ज्यानं आयुष्यात कधी संडास घासलेला नसतो, आणि पंधरा वर्षं काम केलेल्या आक्कांना तो शिकवतो. मग आक्का कशाला जीव लावतील. लिहिता येत नाही हे कारण सांगू नका, व्हॉट्सॲपवर फोटो आणि व्हॉइस नोट टाकून सगळं रिपोर्टिंग होतंय आता.

मानाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. वर्षातनं एकदा शाल-नारळ देऊन फोटो काढायचा, फेसबुकला टाकायचा, आणि तीच बाई दुपारी जिन्याखाली बसून जेवते. आधी जेवायला जागा द्या, लॉकर द्या, कपडे बदलायला कडी लागणारी खोली द्या, स्टाफ पितो त्याच कूलरचं पाणी. बॅजवर पूर्ण नाव आणि हुद्दा. इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या मिटिंगला टीम लीडरला बोलवा आणि बोलू द्या, कोणत्या बेडखाली काय सापडतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती पाहिजे, तिची माहिती या मावशींना द्या, रात्रपाळीला त्याच असतात. खंडेनवमीला मशीन-मॉपची पूजा करता ना, त्याच दिवशी बोनस हातात द्या, दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत ताटकळत ठेवू नका.

आणि तपासणी केल्याशिवाय शाबासकी देऊ नका, ती खोटी वाटते. सुपरवायझरकडं यूव्ही टॉर्च आणि न दिसणाऱ्या शाईचं पेन द्या, स्वस्तात मिळतं. दाराचं हँडल, बेडची रेलिंग, सिस्टर-कॉलचं बटण, नळाची तोटी अशा हात लागणाऱ्या जागांवर आधी ठिपके मारायचे, सफाई झाल्यावर टॉर्च मारून किती राहिले ते बघायचं. माणसाला शिव्या द्यायला नाही, शिकवायला. ज्याचे ठिपके सगळे गेले त्याचं नाव त्याच दिवशी सगळ्यांसमोर घ्या. मार्क दिले की काम दिसायला लागतं हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही, आपल्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, त्यात गावांची तपासणी होऊन बक्षिसं मिळायला लागली तेव्हा गावंच्या गावं खराटे घेऊन उतरली. सरकारी दवाखान्यांना २०१५ पासून स्वच्छतेची कायाकल्प योजना आहे, तिथंही गुण आहेत आणि ७० टक्क्यांच्या वर जावं लागतं. असा काही सन्मान तुमच्या हॉस्पिटलला मिळाला तर स्टेजवर सफाईची टीम पण गेली पाहिजे, ही अट आधीच बोलून ठेवा.

नाही म्हणायची कामं पण लिहून ठेवा. सेप्टिक टाकीत किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, कितीही पैसे देऊ देत. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा वेगळा कायदा आहे, पहिल्याच वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गटारात माणूस दगावला तर घरच्यांना तीस लाख द्यायचे असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. सक्शनची गाडी बोलवा. सोसायटीवाले "पाच मिनिटाचं काम आहे ओ" म्हणतात, त्या पाच मिनिटातच वायूनं माणसं मरतात. तसंच बाहेरनं काचा पुसणं, बेल्ट-दोरी-ट्रेनिंग नसेल तर नाही.

पुराचं काम आलं की वेगळा रेट आणि वेगळी तयारी. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं, ते उतरल्यावर दुकानादुकानात जो गाळ होता तो ज्यांनी उपसला त्यांना विचारा. गाळ ओला असतानाच फावड्यानं-वायपरनं ओढायचा, वाळला की छिन्नीनं फोडावा लागतो. गमबूट आणि जाड ग्लोव्हजशिवाय एकही माणूस आत नाही, लेप्टोची (घाण पाण्यातनं होणारा ताप) भीती असते, पायाला जखम असेल तर त्याला बाहेरचं काम द्या, आणि त्यासाठी आधी गोळी घ्यायची का ते डॉक्टरला विचारून. लाईटचा मेन स्विच बंद असल्याची खात्री स्वतः करा, मालकाच्या शब्दावर नको.

शेवटचं पैशाच्या तारखेचं. हॉस्पिटलचं बिल साठ-साठ दिवसांनी निघतं आणि पगार मात्र सात तारखेच्या आत द्यायचा असतो, बिल आलं नाही हे कारण कामगाराला सांगता येत नाही. म्हणजे किमान दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम हाताशी नसेल तर मोठं काम घेऊच नका, एखादी पतसंस्था किंवा बँकेची कॅश क्रेडिट लिमिट आधी करून घ्या, किंवा छोट्या क्लिनिकच्या दोन-तीन कामांपासून सुरुवात करा. टेंडर असेल तर बघा त्यात फक्त कमी रेटवाला घेणार असं लिहिलंय का. तसं असेल तर प्री-बिड मिटिंगला (टेंडर भरायच्या आधीची बैठक) जाऊन लेखी विचारा की किमान वेतन, पीएफ, ईएसआय, बोनस आणि रिलीव्हर धरून जो खर्च येतो त्याच्या खालचे रेट बाद करणार का. उत्तर लेखीच मागा.